गल्ली कोणाची?

रहदारी हा विषय आपल्या बैठकांच्या विषयपत्रिकेवर सहसा येत नाही. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी, संडास, आरोग्य हे आपले विषय. रस्त्याचा विषय निघतो तो छेडछाडीपुरता, नाहीतर मोर्चा कुठून न्यायचा एवढ्यापुरता. गल्लीतून किती वाहनं जातात, किती वेगाने जातात, कुठे उभी राहतात हे ट्रॅफिक पोलिसांनी आणि इंजिनिअरांनी बघायचं, आणि फार तर वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात निवृत्त गृहस्थांनी त्यावर लिहायचं, अशी एक वाटणी आपोआप होऊन गेली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. राहत्या वस्तीतली रहदारी हा बायकांच्या कामाचा, त्यांच्या वेळेचा आणि मोकळेपणाचा प्रश्न आहे. तो आपण हातात घेतला नाही तर दुसरे कोणीतरी घेतील आणि आपल्याच काही मैत्रिणींच्या पोटावर पाय देऊन सोडवतील. हे लिहायचं कारण तेच.

उदाहरण माझ्या शहराचं, पुण्याचं देते. हे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. २०१८ साली बातमी आली की शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि माणसं ३५ लाख. वाहनांनी माणसांना मागे टाकलं. त्यातल्या बहुसंख्य दुचाक्या. एवढी वाहनं मोठ्या रस्त्यांवर मावत नाहीत. चौक तुंबला, पुलाचं नाहीतर मेट्रोचं काम निघालं, रस्ता खणला, की वाहनं बाजूच्या गल्लीत शिरतात. पूर्वी ही आडवाट फक्त आसपासच्यांना ठाऊक असे. आता मोबाइलवरचा नकाशा परक्या माणसालाही बोट धरून आमच्या गल्लीत आणून सोडतो. त्याच्या दृष्टीने ती गल्ली नसतेच, वाचलेली चार मिनिटं असतात. ती चार मिनिटं कोणाच्या खिशातून जातात, हा माझा प्रश्न आहे.

गल्ली म्हणजे नुसता रस्ता नव्हे

राहत्या भागातली गल्ली दिवसभर नीट पाहिली तर ती मुख्यतः बायकांची कामाची जागा आहे हे लक्षात येतं. पहाटे कागद, काच, पत्रा आणि घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायका ढकलगाडी घेऊन येतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था आली. या कामातल्या बहुसंख्य स्त्रियाच आहेत. मग घरकामाला जाणाऱ्या निघतात. एका सकाळी चार-पाच घरं, म्हणजे चार-पाच वेळा रस्ता ओलांडणं. भाजीची टोपली घेऊन कोणी कोपऱ्यावर बसते. शाळेला पोरं पोचवणं, दळण, रेशन, दवाखाना, सासूबाईंना देवळात नेऊन आणणं, पाणी गेलं तर टँकरशी हंडा घेऊन उभं राहणं हे सगळं गल्लीतच चालतं. संध्याकाळी पायरीवर बसून लसूण सोलता सोलता ज्या गप्पा होतात, त्यांत कोणाच्या घरी रात्री काय झालं हेही कळतं. मारहाणीच्या किती केसेस आपल्यापर्यंत अशा पायरीवरून आल्या आहेत, ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. ज्या गल्लीत हॉर्नमुळे एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही आणि पायरीला लागून गाडी उभी असते, तिथे ती पायरी संपते. पायरी संपली की एकटी पडलेली बाई आणखी एकटी पडते.

पुरुषाचा प्रवास बहुधा घर ते काम आणि काम ते घर असा सरळ असतो. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. शाळा, तिथून दवाखाना, तिथून किराणा आणि मग काम. हे तुकडे लहान असतात, पायी होतात, बरोबर मूल किंवा म्हातारं माणूस असतं आणि हातात पिशवी. रस्ता आखणाऱ्यांच्या हिशेबात हे चालणं दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत प्रवासाचा प्रश्न विचारला होता, पण तो कामावर जाण्याच्या प्रवासाबद्दल, आणि तोही शेतीबाहेर काम करणाऱ्यांना. मुलाला शाळेत सोडणं हे काम नाही, दळण आणणं हे काम नाही, तेव्हा तो प्रवासही नाही. घरकामाला किंमत नसण्याची जुनीच गोष्ट रस्त्यापर्यंत येऊन पोचली.

वाहतूक अभियंत्यांचं एक माप आहे. रस्त्यावरून जाणारी सगळी वाहनं ते मोटारींच्या हिशेबात मोजतात. मोटार म्हणजे एक, बस-ट्रक म्हणजे एकाहून जास्त, सायकल म्हणजे साधारण अर्धी मोटार. रस्ता किती भरला, रुंद करायला हवा का, हे या मापाने ठरतं. या मापात पायी चालणारी बाई किती? शून्य. तिच्या डोक्यावर टोपली असो की कडेवर मूल, ती शून्यच. पादचाऱ्यांची मोजणी वेगळी करता येते, पण ती कोणी मागितली तर होते.

मेले किती एवढंच मोजायचं?

आमच्या गटातल्या काही जणी आमच्या भागातल्या एका गल्लीसाठी निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चहा विचारला, खुर्च्या दिल्या आणि पहिलाच प्रश्न केला, "तिथे अपघात किती झालेत? कोणी दगावलंय का?" दगावलं नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. साहेब वाईट नव्हते. त्यांच्या खात्याची पद्धतच ती आहे. राष्ट्रीय महामार्गांवर तर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की ती जागा धोक्याची ठरते. म्हणजे धोका सिद्ध करायला आधी मढी मोजायची.

मृत्यूचे आकडे क्षुल्लक आहेत असं नाही. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे जवळजवळ दर पाचांतला एक. पण याच आकडेवारीत दर शंभर मृतांत पंच्याऐंशीच्या आसपास पुरुष आहेत. मग कोणी म्हणेल, हा तर पुरुषांचा प्रश्न झाला. तुम्हा बायकांचं काय मध्येच?

याची उत्तरं दोन. एक म्हणजे, तो पुरुष मरतो तेव्हा त्याच्यामागे बायको, आई, मुली असतात. तो मरत नाही, अपंग होऊन घरी येतो, तेव्हा त्याचं अंग पुसणं, त्याला उचलून बसवणं, आणि वर चार घरची कामं जास्तीची धरणं हे कोणाच्या वाट्याला येतं ते आपण पाहिलेलं आहे. ही सेवा कुठल्याच तक्त्यात नाही.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जी बाहेर पडतच नाही, ती अपघातात मरत नाही. म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून ती देवळात जाणं सोडते, पुढे शेजारी जाणंही सोडते. ती आकडेवारीत "सुरक्षित" असते. मुलगी दहा वर्षांची झाली तरी तिला एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवत नाहीत. भावाला सायकल मिळते. तिला सांगतात, "रस्त्यावर गाड्या फार आहेत, नको." गाड्या खऱ्याच फार असतात, त्यामुळे या "नको"शी भांडताही येत नाही. पण रहदारीच्या भीतीची आणि मुलीला घरात ठेवण्याच्या जुन्या सवयीची इथे सोयीस्कर युती होते. आणि जे मूल एकटं जाऊ शकत नाही, त्याच्याबरोबर कोणाला तरी जावं लागतं. शाळेला नेणं, आणणं, शिकवणीला नेणं, आणणं. ज्या आईला अर्धवेळ काम धरता आलं असतं, तिचा तेवढा वेळ या येरझाऱ्यांत जातो. या वेळेचं नुकसान कोणत्या कार्यालयात नोंदवायचं?

गतिरोधक हवा, पण कसला?

गल्लीतल्या वाहनांचा त्रास झाला की पहिली मागणी येते ती गतिरोधकाची. नगरसेवकालाही ती सोयीची, कारण एका रात्रीत डांबराचा ढीग ओतून मोकळं होता येतं. असल्या उंचवट्यांचा त्रास कोणाला होतो ते पाहा. दुचाकीवर मागे, साडी नेसून एका बाजूला बसलेली, मांडीवर मूल घेतलेली बाई उडते आणि पडते. भरल्या दिवसांची बाई रिक्षातून दवाखान्यात जाताना प्रत्येक हादरा सोसते. ढकलगाडी तर चढतच नाही.

गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताशी २५ किलोमीटरने सुरक्षित ओलांडता येईल असा गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. म्हणजे तो लांबट, हळू चढणारा आणि हळू उतरणारा. त्यावर पांढरे पट्टे हवेत आणि अलीकडे सूचनाफलक हवा. आपल्याकडे जे बनतं ते अरुंद आणि उंच. म्हणून निवेदनात नुसतं "गतिरोधक बसवावा" असं लिहू नये. माप लिहावं, आणि काम झाल्यावर टेप घेऊन मोजावं. टेप धरायला इंजिनिअरची पदवी लागत नाही.

वेगाचं शास्त्र साधं आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीने धडक दिली तर पायी माणूस बहुधा वाचतो. तीच मोटार ५० वर असेल तर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. म्हणूनच २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेने, जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३० ची कमाल मर्यादा असावी, असं जाहीर केलं. आपल्या गल्लीत तर वीससुद्धा पुष्कळ झाले.

फेरीवाली हटवून गल्ली मोकळी करायची का?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. वस्तीतल्या रहदारीवर नागरिकांच्या ज्या सभा होतात, त्यांत दोन मागण्या हमखास असतात. एक, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावून रखवालदार बसवा. दोन, फेरीवाले हटवा. अशा निवेदनांवर सह्या मागायला लोक आपल्या गटांकडेही येतात, कारण महिलांच्या सह्या असल्या की निवेदनाला वजन येतं. मैत्रिणींनो, सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा.

फाटक वाहनांसाठी म्हणून लागतं, पण प्रत्यक्षात अडवलं जातं ते कोणाला? मोटारवाला काच खाली करतो आणि आत जातो. घरकामाच्या बाईची पिशवी तपासली जाते, कचरावेचक बाईला "कुठून आलीस" म्हणून विचारलं जातं, आणि पलीकडच्या वस्तीतल्या मुलींना शाळेसाठी अर्धा किलोमीटर वळसा पडतो. वाहनांचा आडवाट म्हणून होणारा वापर बंद व्हायलाच हवा. पण वाट चालणाऱ्यांना, सायकलला, ढकलगाडीला आणि व्हीलचेअरला खुली राहिली पाहिजे. मधे पक्के खांब रोवून, त्यांच्यात ढकलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून हे करता येतं. त्याला रखवालदार लागत नाही आणि कोणाला जात-पत्ता विचारावा लागत नाही.

फेरीवालीचं तर अगदी उघड आहे. एक मोटार उभी करायला पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. पुण्यात असंख्य कुटुंबांची एवढी खोलीसुद्धा नाही. ही जागा गल्लीत रात्रंदिवस फुकट वापरली जाते आणि तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. भाजीवालीची टोपली मात्र अतिक्रमण. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलं आहे. रस्त्यावर फुकट मोटार ठेवण्याचा हक्क कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. २०१८ साली पुणे महापालिकेपुढे रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारण्याचं धोरण आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! शेवटी ते मोजक्या पाच रस्त्यांपुरतं आवळावं लागलं. टोपली उचलताना असा गदारोळ होत नाही, कारण टोपलीवालीच्या बाजूने बोलायला सभागृहात फार कोणी नसतं. आणखी एक अनुभवाची गोष्ट. संध्याकाळी भाजीवाली बसलेली असते त्या कोपऱ्यावरून मुली निर्धास्त जातात. नुसत्या उभ्या गाड्यांच्या रांगेतून जाताना त्या पाऊल भरभर उचलतात.

स्कूटीवाल्या मैत्रिणींना

बैठकीत हा विषय काढला की हमखास एखादी विचारते, "मग आम्ही गाड्या चालवायच्या नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. लुना आणि पुढे स्कूटी यांनी मराठी शहरांतल्या बायकांना केवढं बळ दिलं! नवऱ्याच्या वा भावाच्या सवडीवर अवलंबून न राहता नोकरी, शिक्षण, रात्रीची बैठक हे सारं तिच्यामुळे जमलं. त्या चाव्या परत द्या असं मी म्हणणार नाही. पण त्यातल्या कितीजणींनी हौसेने गाडी घेतली, आणि कितीजणींनी बस वेळेवर येत नाही, आली तर पाय ठेवायला जागा नाही, थांब्यावर दिवा नाही म्हणून कर्ज काढून घेतली? ज्यांना कर्ज मिळत नाही त्या आजही चालतातच. रहदारीला आवर घालण्याची मागणी ही गाडीवालीच्या विरुद्ध नाही. बस सुधारा ही मागणी तिच्या जोडीला असेल तर ती दोघींच्या बाजूची आहे. आणि गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करायला गाडीवालीची काय हरकत असावी? तिचं मूलही कुठल्यातरी गल्लीत खेळतं.

हे बायकांनी पूर्वी केलेलं आहे

नेदरलँड्स म्हणजे सायकलींचा देश असं आपण ऐकतो आणि ते तिथल्या लोकांच्या रक्तातच आहे असं समजतो. तसं नाही. साठच्या दशकात तिथेही मोटारींसाठी वस्त्या पाडल्या जात होत्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. ज्याची मुलगी अशीच गेली होती अशा एका पत्रकाराने १९७२ साली लेख लिहिला; त्याचं शीर्षक होतं "मुलांची हत्या थांबवा". त्याच नावाने चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटन ही एक तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेत निवडून गेली. चळवळीतल्या लोकांनी रस्ते अडवले, मुलांना खेळण्यासाठी गल्ल्या वाहनांना बंद करायला लावल्या. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात राहत्या गल्ल्यांची नवी आखणी झाली. वाट वळणावळणाची, मधे झाडं, बाकं, आणि मोटार पायी माणसाच्या चालीने. १९७६ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. तिथल्या भाषेत त्या गल्लीला जे नाव पडलं त्याचा अर्थ होतो राहत्या जागेचं अंगण. आपल्याला तर हा शब्द शिकवायलाच नको.

तिथल्यासारखं हुबेहूब इथे होईल असं नाही. तिथे फेरीवाल्यांचा प्रश्न असा नव्हता, आपल्या वस्त्यांतली दाटी नव्हती. पण वरून कोणी दयाळूपणे दिलं नाही, रस्त्यावर उतरून घेतलं, एवढं त्यातून घ्यावं.

मागायचं काय, कुठे?

कायदा आज आपल्या बाजूला काही प्रमाणात आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की पदपथावरून सुरक्षित चालण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक जबाबदार धरले जातात आणि २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरच्या लाडक्या चिरंजीवांच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या बापांना हे कोणीतरी सांगायला हवं. राहत्या भागातला पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा, असं रस्त्यांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरणही मंजूर केलं. कागद आहेत. कागद पायाखाली यावेत यासाठी पाठपुरावा लागतो.

माझ्या मते प्रत्येक गटाने आपल्या भागातली एक गल्ली धरावी. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास वही घेऊन उभं राहावं आणि माणसं मोजावीत: पायी बायका किती, मुलं किती, ढकलगाड्या किती, आणि कोणाला किती वेळ रस्ता ओलांडायला थांबावं लागलं. ज्यांची गणती होत नाही त्यांची गणती आपणच करायची. त्या वहीतून मागण्या काढाव्यात. आडवाट म्हणून येणाऱ्या वाहनांना रोखा, चालणाऱ्यांना नको. शाळा भरताना-सुटताना रस्ता वाहनांना बंद ठेवा. गाड्या एकाच बाजूला उभ्या राहू देत आणि दुसरी बाजू सलग पदपथाला मिळू दे. एकेरी वाहतूक करणार असाल तर वेगाला आवर घाला, कारण समोरून कोणी येत नाही म्हटलं की वाहनं आणखी सुसाट जातात. भाजीवाल्यांची जागा पट्टे आखून पक्की करा. दिवे खाली, माणसाच्या वाटेवर पडतील असे लावा. बसायला बाक ठेवा, कारण गुडघे दुखणाऱ्या बाईला पाचशे मीटरची वाट एका दमात होत नाही.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना प्रभागातली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. त्याचे अर्ज भरणारे बहुधा ठरावीक सोसायट्यांतले ठरावीक पुरुष असतात. ते अर्ज वस्तीतल्या बायकांनी भरावेत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर पुण्यात तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचाच कारभार चालला आणि जाब विचारायला नगरसेविकाच नव्हती, याचा फटका अशाच लहानलहान कामांना बसला. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला पुलाचं काय हे विचारण्याआधी आमच्या गल्लीचं काय हे विचारावं.

रात्रीचे रस्ते आमचेही आहेत, ही घोषणा आपण मशाली घेऊन दिली आहे. ती खरी करायची तर दुपारी अकरा वाजताची गल्लीही आपली असली पाहिजे; टोपली घेऊन बसलेलीची, ढकलगाडी ओढणारीची, काठी टेकत निघालेल्या आजीची आणि सायकल शिकणाऱ्या मुलीची. या चौघींना जी गल्ली सोयीची, ती बाकी सगळ्यांना सोयीची असतेच. आखणीची सुरुवात त्यांच्यापासून करा, एवढंच आपल्याला म्हणायचं आहे, आणि ते आपल्याशिवाय दुसरं कोणी म्हणणार नाही.